भरतीची दुखणी, ट्रेनिंगची दुखणी आणि पीआरपी: घ्यायचं का, कधी आणि त्यानंतर काय

"सर, ग्राउंड सव्वा महिन्यावर आलंय. पीआरपी मारून घेतलं तर पळता येईल ना?"

फौजेच्या भरतीच्या दिवसांत, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी जवळ आली की, साताऱ्यातल्या कुठल्याही फिजिओथेरपिस्टला हा प्रश्न चुकत नाही. उत्तर सरळ आहे: नाही येणार. पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणजे आपल्याच रक्तातून प्लेटलेटचा भाग वेगळा करून दिलेलं इंजेक्शन, ते दुखणं मारणारं इंजेक्शन नाही. ते घेतल्यावर पहिले काही दिवस दुखणं उलट वाढतं, पुढचे काही आठवडे पळणं बंद ठेवावं लागतं आणि फरक पडायचा असेल तर तो दीड ते तीन महिन्यांत दिसायला लागतो. म्हणून या लेखात सुईइतकंच कॅलेंडरबद्दलही वाचायला मिळेल.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव इथलंच, १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिक शाळा इथलीच. आता तालुक्या-तालुक्याला भरतीच्या अकॅडम्या झाल्यात. पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ, नाहीतर यवतेश्वरचा घाट, संध्याकाळी बीम (पुल-अप) आणि बैठका. अग्निवीरच्या ग्राउंडला मुलांनी साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मीटर मारला की पूर्ण ६० गुण, दहा बीमला ४०. त्या पाच-दहा सेकंदांसाठी पोरं-पोरी महिनोन्‌महिने पाय झिजवतात. भरती होऊन ट्रेनिंग सेंटरला गेल्यावर रगड्यात, म्हणजे तिथल्या कडक कवायतीत, जी दुखणी वर येतात, त्यांची सुरुवात बऱ्याचदा इथल्याच डांबरावर झालेली असते.

आधी दुखतंय काय ते ठरवा

पीआरपीचा विचार करायचा तो दुखापतीचं नाव नक्की झाल्यावर. "पाय दुखतो" हे निदान नाही. हाड, स्नायूबंध म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारं टेंडन, स्नायू आणि हाडाला हाड जोडणारं लिगामेंट या चार गोष्टींपैकी नेमकं काय बिघडलंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

सगळ्यात जास्त गोंधळ नडगीच्या दुखण्यात होतो. घरी करून बघण्यासारखी एक तपासणी सांगतो. खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. नडगीच्या हाडाची आतली कड गुडघ्याखालून घोट्यापर्यंत अंगठ्याने दाबत या, एकेक बोटाच्या अंतराने. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा ठणकत असेल, पळायला लागल्यावर दुखत असेल आणि अंग गरम झालं की कमी होत असेल, तर ते बहुतेक शिन स्प्लिंट. भार कमी केला, चढ-उतार बंद केले, पोटरीची ताकद वाढवली की ते आटोक्यात येतं. पण अंगठा एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी पडल्यावर तुम्ही कळवळलात, चालतानाही दुखतंय आणि रात्री अंथरुणात ठणका लागतोय, तर पळणं त्याच दिवशी बंद. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, स्ट्रेस फ्रॅक्चर.

हे दुखणं जुनं आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करून आलेल्या शिपायांचे सुजलेले पाय बघून त्याची नोंद केली होती. एक्स-रे तेव्हा नव्हता. आज आहे, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. इथेच पोरं फसतात. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून परत घाट चढतात आणि तडा वाढवून येतात. शंका असेल तर एमआरआय करावा लागतो. तो साताऱ्यात, कराडला, मिरजेला कुठेही होतो.

जांघेत खोल दुखत असेल, पाय टेकला की कळ येत असेल, तर पळून बघण्याच्या फंदात पडू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असेल आणि तो सरकला तर ऑपरेशन आलंच, कधी कधी सांधाही जातो. कुबड्या घ्या आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, अकॅडमीतल्या सरांना विचारायला अवघड वाटलं तरी आईने विचारावी: पाळी वेळेवर येते का? सराव वाढला, खाणं वाढलं नाही आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर हाडं कमजोर होत चालल्याची ती खूण आहे.

स्ट्रेस फ्रॅक्चरवर पीआरपीचा उपयोग होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. तिथे विश्रांती, आहार, ड जीवनसत्त्व आणि वेळ हेच औषध. नडगीच्या नेहमीच्या जागेच्या तड्याला पळण्यापासून सहा ते आठ आठवडे सुट्टी लागते, अवघड जागा असेल तर त्याहून जास्त.

आता टेंडन. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरवर, मागच्या जाड दोरीला चिमटीत धरून दाबलं की दुखतं, सकाळी उठल्यावर पाय आखडलेला असतो आणि दोरी दुसऱ्या बाजूपेक्षा जाड लागते, तर ते अकिलिसचं दुखणं. वाटीच्या लगेच खाली, बोट टेकवता येईल अशा एका बिंदूवर दुखतं आणि बैठका, मेंढक उड्या, जिने उतरणं यांनी वाढतं, तर पटेलर टेंडन. पहाटे पहिलं पाऊल जमिनीवर टेकताना टाचेखाली सुया टोचल्यासारखं होतं आणि दहा पावलं चाललं की सुटतं, तर तळव्याचा पडदा, प्लांटर फॅशिया. बीम मारून मारून कोपराच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्यावर दुखतं, तेही टेंडनच. पीआरपीचा विचार करण्यासारखी जागा असेल तर ती याच गटात.

स्प्रिंट मारताना मांडीच्या मागे खटकन लागलं तर स्नायू, घोटा मुरगळून बाहेरच्या बाजूला सूज आली तर लिगामेंट. गुडघा अडकतो किंवा सटकतो तर मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, नाहीतर एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. पूर्ण तुटलेलं एसीएल इंजेक्शनने जोडलं जात नाही, कोणी काहीही सांगो.

दोन प्रसंगांत तर पीआरपी हा शब्दही काढू नका. ठरावीक अंतर पळालं की पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाय बधिर पडतो आणि थांबलं की सुटतो, ते स्नायूंच्या कप्प्यातल्या दाबाचं दुखणं असू शकतं. ते डॉक्टरांना दाखवा. पण मोठा रगडा झाल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तेव्हाच्या तेव्हा दवाखाना गाठा, मूत्रपिंडं धोक्यात आहेत.

साधे उपचार मनापासून झालेत का?

पीआरपी विचारायला आलेल्या दहाजणांपैकी बहुतेकांनी मूळ उपचार केलेलेच नसतात. त्यांनी केलेलं असतं ते असं: चार दिवस विश्रांती, मेडिकलमधून दुखण्याची गोळी, गावातल्या हाडवैद्याकडून मालीश, आणि पाचव्या दिवशी परत सोळाशे. याला उपचार म्हणत नाहीत.

टेंडनला विश्रांतीने बरं वाटतं, पण ते बळकट होत नाही. त्याला हळूहळू वाढत जाणारं वजन लागतं. अकिलिससाठी १९९८ साली स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांच्या गटाने मांडलेला व्यायाम आजही पायाभूत आहे. पायरीच्या काठावर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाच उचलायची आणि फक्त दुखऱ्या पायावर भार देत टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. १५ वेळा असे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन सेट किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा होतात, आकडा ऐकून पोरं हसतात. पण घरच्या पायरीवर, फुकटात होणारं हे काम आहे. टाचेच्या अगदी चिकटलेल्या जागी दुखत असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, सपाट जमिनीपर्यंतच. गुडघ्याच्या टेंडनसाठी भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक ४५ सेकंद धरून ठेवायची, पाच वेळा, आणि मग सावकाश वजनाच्या बैठका.

सोबत तीन गोष्टी तपासा. बूट: तळ घासून एका बाजूला कललेला असेल तर बदला. रस्ता: घाट चढण्यापेक्षा घाट उतरताना गुडघ्याच्या टेंडनला आणि नडगीला जास्त मार बसतो, म्हणून उतार चालत उतरा. खाणं: सकाळी उपाशी पळून दहाला चहा-खारी खाणाऱ्याचं हाड आणि टेंडन भरून यायला कच्चा माल कुठून येणार? दूध, अंडी, नाचणी, डाळ, शेंगदाणे यांतलं जे परवडेल ते रोज. अमेरिकी नौदलाच्या महिला प्रशिक्षणार्थींवर केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं होतं. गोळ्या मनाने सुरू करू नका, ड जीवनसत्त्वाची रक्तातली पातळी तपासून डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्या.

हे सगळं तीन महिने नीट केलं, तरी टेंडन ऐकत नसेल, तर पुढे वाचा.

पीआरपी म्हणजे काय आणि पुरावा काय सांगतो

आपल्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. जखम झाली की त्या तिथे गोळा होतात आणि स्वतःच्या आतली वाढीची द्रव्यं सोडतात. त्यांनी दुरुस्तीचं काम सुरू होतं. टेंडनला रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून तिथे ही द्रव्यं मुद्दाम जास्त प्रमाणात पोचवायची, एवढी ही कल्पना. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, प्लेटलेटचा घट्ट भाग वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. दूध संघातल्या क्रीम सेपरेटरमध्ये जे तत्त्व, तेच इथे: जोरात फिरवलं की जड आणि हलकं वेगळं होतं. तळाला तांबड्या पेशी, मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर, वर पिवळसर प्लाझ्मा.

कल्पना पटते. चाचण्यांमधून मात्र चित्र मिश्र आलंय, आणि जाहिरातीत ते कधी सांगत नाहीत.

अकिलिसवर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये आणि २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये चांगल्या दर्जाच्या चाचण्या झाल्या. दुसरीत २४० रुग्ण होते. पहिलीत सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा आणि दुसरीत औषध न देता नुसती सुई टोचण्यापेक्षा पीआरपीने जास्त फायदा दिला नाही. मांडीच्या मागच्या स्नायूवर २०१४ मध्ये ८० खेळाडूंची चाचणी झाली: पीआरपी असो की सलाइन, मैदानावर परतायला दोन्ही गटांना सारखेच ४२ दिवस लागले. मलेशियातल्या एका छोट्या चाचणीत खेळाडू लवकर परतले होते, पण एवढ्यावर मी कोणाला पैसे खर्च करायला सांगणार नाही. पटेलर टेंडनवर निकाल इकडे-तिकडे. टेनिस एल्बोवर २०१४ मध्ये २३० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी फायदा दिसला, पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या आढाव्याने तो नगण्य ठरवला. प्लांटर फॅशियावर मात्र स्टिरॉइडच्या तुलनेत सहा महिने-वर्षभराने पीआरपी सरस ठरल्याचे काही अभ्यास आहेत. नुकत्याच मुरगळलेल्या घोट्यावर उपयोग दिसलेला नाही.

माजी सैनिक काकाही गुडघ्याच्या झिजेसाठी हेच विचारतात. त्यांच्यासाठी: २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या चाचणीत वर्षभराने पीआरपी आणि सलाइन यांत फरक निघाला नाही. काही लहान चाचण्या पीआरपीच्या बाजूने आहेत. वजन कमी करणं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाढवणं आधी, इंजेक्शन नंतर.

मग घ्यायचंच कशाला? माझं मत असं: तीन-सहा महिने नीट व्यायाम करूनही न हटणारं प्लांटर फॅशियाचं, कोपराचं किंवा पटेलर टेंडनचं दुखणं असेल, हातात पुरेसा वेळ असेल आणि खर्च घराला जड जाणार नसेल, तर एकदा करून बघायला हरकत नाही. पीआरपी स्वतःच्याच रक्ताचं असल्यामुळे धोका कमी आहे. अकिलिसमध्ये स्टिरॉइड टोचून दोरी तुटण्याचा धोका असतो, तो इथे तसा नाही. पण शेतीवर कर्ज काढून किंवा बहिणीचे दागिने मोडून घेण्यासारखा हा उपचार नक्कीच नाही.

उलटं मोजा

ग्राउंडची किंवा सेंटरला हजर व्हायची तारीख कागदावर लिहा. तिथून मागे मोजा. वेगाच्या सरावाला शेवटचे चार आठवडे. त्याआधी इंजेक्शननंतरचे १२ आठवडे. म्हणजे सोळा आठवडे, चार महिने. तुमच्या हातात चार महिने नसतील तर या भरतीसाठी पीआरपी घेऊ नका. व्यायाम चालू ठेवा, सराव कमी करा, जमेल तसं ग्राउंड द्या आणि नंतर विचार करा. वयाची मर्यादा जवळ आलेल्या पोराला हे ऐकवणं जिवावर येतं, पण तीन आठवड्यांवर ग्राउंड असताना टोचून घेतलं तर हातात येते ती फक्त सुजलेली टाच.

डॉक्टर निवडताना विचारायचे प्रश्न

हाडांचे किंवा स्पोर्ट्‌स मेडिसिनचे डॉक्टर बघा. केस आणि चेहऱ्यासाठी पीआरपी देणाऱ्या क्लिनिकमध्ये टेंडनचं इंजेक्शन घेऊ नका, तिथलं कौशल्य वेगळं असतं. मिरजेची वैद्यकीय परंपरा १८९० च्या दशकातल्या वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासूनची, कराड आणि साताऱ्यातही आता सोय आहे. पुणे-मुंबई गाठायची गरज सहसा पडत नाही.

न लाजता विचारा: सोनोग्राफीत बघून टोचणार की अंदाजाने? टेंडनमध्ये नेमकी खराब जागा दोन-चार मिलिमीटरचीच असते, तेव्हा सोनोग्राफी हवीच. रक्त किती काढणार? साधारण १५ ते ६० मिली काढतात आणि त्यातून ३ ते ६ मिली पीआरपी निघतं. पांढऱ्या पेशी ठेवणार की काढणार? सांध्यात टोचायचं असेल तर त्या कमी असलेलं बरं, टेंडनमध्ये दोन्ही प्रकार वापरतात. तयार झालेल्या पीआरपीतले प्लेटलेट मोजता का? मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट असावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. किट सीलबंद, एकदाच वापरायचं आहे ना?

एकदम तीन-चार इंजेक्शनचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायला लावत असतील, तर उठून या. टेंडनला बहुतेक वेळा एक पुरतं, दुसऱ्याची गरज दोन-तीन महिन्यांनी बघून ठरते. खर्च आधी लेखी मागा: इंजेक्शन, किट, सोनोग्राफी, तपासण्या वेगवेगळ्या लिहून.

आठवडाभर आधी

दुखण्याच्या गोळ्या बंद. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या गोळ्या प्लेटलेटच्या कामात आडव्या येतात. इंजेक्शनच्या आधी साधारण एक आठवडा आणि नंतर किमान दोन आठवडे त्या नकोत. गोळीच्या पाकिटामागचं बारीक वाचा. पॅरासिटॅमॉल म्हणून घेतलेल्या कित्येक जोडगोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा एसिक्लोफिनॅक असतं. नुसतं पॅरासिटॅमॉल चालतं. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध कोणी घेत असेल तर ते स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या. पावसाळ्यानंतर डेंग्यू होऊन गेला असेल तर आवर्जून सांगा. प्लेटलेट उतरलेल्या असताना त्यांचंच इंजेक्शन बनवण्यात अर्थ नाही. अंगात ताप, जवळपास गळू किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकला. हिमोग्लोबिन फार कमी, रक्ताचा आजार, कर्करोग, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ते लपवू नका. तंबाखू आणि सिगारेट बंद ठेवा, तंबाखूने जखमा भरायला उशीर होतो.

इंजेक्शनचा दिवस

नाश्ता करून, भरपूर पाणी पिऊन जा. सैल चड्डी किंवा ट्रॅक पँट घाला. सोबत कोणीतरी न्या. पायात टोचून घेतल्यावर गाडीला किक मारत घाट उतरून गावी जायचं नसतं.

हातातून रक्त काढतात आणि ते रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या नळीत भरतात. नळीवर तुमचं नाव तुमच्या समोर लिहिलं जातंय का बघा. दुसऱ्याच्या रक्ताचं पीआरपी घ्यायचं नसतं. यंत्रात एकदा किंवा दोनदा फिरवतात. मग जागा निर्जंतुक करून, वरच्या कातडीपुरती भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत टोचतात. टेंडनच्या आत भूल सहसा देत नाहीत, तिने पेशींना त्रास होतो. त्यामुळे दाबाची, फाटल्यासारखी कळ येते, विशेषतः टाचेखाली. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, कधी रक्त काढल्यानेच चक्कर येते. सगळं मिळून तासभराचं काम.

त्यानंतरचे बारा आठवडे

डॉक्टरांनी वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. नसेल तर साधारण चाल अशी असते.

पहिले दोन-तीन दिवस ठणका असतो, कधी आठवडाभर. तो दाह या उपचाराचाच भाग आहे. बर्फाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही, पुष्कळजण पहिल्या दिवसांत टाळायला सांगतात. पाय उंच ठेवा, पॅरासिटॅमॉल घ्या, घरातल्या घरात चाला. अकिलिस असेल तर बुटात टाचेखाली उंची देतात, कधी काही दिवस कुबडी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घोटा किंवा गुडघा हवेत हळू हलवायला लागा. मालीश नको. आजीने प्रेमाने गरम तेल आणलं तरी नको.

तिसऱ्या दिवसानंतर सूज आणि लाली वाढतच गेली, ताप आला, पोटरी एकदम सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर वाट बघू नका. संसर्ग किंवा रक्ताची गुठळी तपासावी लागते.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोजचं चालणं, मग भार न लावलेली हलकी सायकल. धरून ठेवायचे व्यायाम इथून सुरू: भिंतीला टेकून अर्धी बैठक किंवा चवड्यांवर उभं राहून ४५ सेकंद. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सावकाश ताकदीचे व्यायाम, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, दिवसाआड. याच टप्प्यात बरं वाटायला लागतं आणि याच टप्प्यात पोरं बिघडवतात. पाचव्या आठवड्याला दुखत नाही म्हणून मित्रांसोबत एक सोळाशे मारून बघायचा मोह होतो. टेंडनचं दुखणं थांबणं आणि टेंडन भार सोसायला तयार होणं यांत काही आठवड्यांचं अंतर असतं.

दुखण्याचा अंदाज घ्यायला दहापैकी गुण द्या. व्यायामात तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळएवढंच आखडलं, तर भार बरोबर. सकाळी जास्त आखडलं तर आदल्या दिवसाचा डोस जास्त झाला. ही सकाळची खूण वहीत लिहून ठेवा. आठवणीवर विसंबलात तर दर आठवड्याला "बरंच बरं आहे" एवढंच आठवतं.

पळायला सुरुवात सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आधी नाही, आणि तीही परीक्षा पास झाल्यावरच: अर्धा तास भराभर चालून न दुखणं, दुखऱ्या पायावर एकट्याने चांगल्या पायाइतक्याच वेळा टाच उचलता येणं (२५ पर्यंत पोचलात तर उत्तम), आणि एका पायावर दहा उड्या मारून न कळवळणं.

पहिलं पळणं शाहू स्टेडियमच्या सपाट मैदानावर, घाटात नाही. एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ-दहा फेरे, दिवसाआड. जमलं की दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. सलग वीस मिनिटं आरामात पळता आलं की मगच वेग. मग चढ. उतार सगळ्यात शेवटी. बैठका-उड्या आणि पळणं एकाच दिवशी नवीन वाढवू नका, दुखलं तर कशाने दुखलं तेच कळत नाही.

फौजेत परत जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक पायरी आहे. स्पोर्ट्‌स शूजमध्ये पळता येतं म्हणजे बूट घालून, पिट्ठू पाठीला लावून फौजेतल्या बीपीईटी या शारीरिक चाचणीसारखे पाच किलोमीटर पळता येतील असं नाही. आधी बूट घालून चालणं, मग थोडं वजन घेऊन चालणं, मग बूट घालून हलकं पळणं, आणि वजन घेऊन पळणं अगदी शेवटी. प्रत्येक पायरीला निदान आठवडा.

बारा आठवडे झाले आणि काहीच फरक नाही, तर लगेच दुसरं इंजेक्शन मागू नका. आधी निदान परत तपासून घ्या. टाचेचं समजून उपचार केलेलं दुखणं कमरेतल्या दबलेल्या नसेचं निघू शकतं.

सेवेत असाल तर

ट्रेनिंगमधला रिक्रूट एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जायला कचरतो, कारण मागच्या बॅचला टाकतील ही भीती. ती भीती खरी आहे, पण तडा गेलेल्या नडगीवर रगडा काढणारा शेवटी त्याच ठिकाणी पोचतो, तेही जास्त आठवड्यांसाठी. सुट्टीवर गावी आल्यावर युनिटला न कळवता बाहेर पीआरपी घेणं तर दोन्हीकडून अंगाशी येतं: परत गेल्यावर विश्रांती मिळत नाही आणि सांगताही येत नाही. आरएमओंना, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना सांगा. ते लष्करी रुग्णालयात पाठवतील. आपल्या भागातून ते बहुधा पुणं असतं. काही दिवस हलकं काम किंवा तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीमुळे खालची श्रेणी) मिळाली तर ती उपचाराचाच भाग समजा. भरतीच्या मेडिकलला जुन्या दुखापतीबद्दल विचारलं तर खरं सांगा.

स्पोर्ट्‌स कोट्यातून जाणाऱ्यांना डोपिंगची काळजी असते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्नायूत पीआरपी देण्यावर २०१० मध्ये बंदी घातली होती, २०११ पासून ती काढली. पीआरपी आज चालतं. त्यासोबत कोणी वेगळी वाढीची द्रव्यं किंवा स्टिरॉइड मिसळत असेल तर मात्र अडचण येऊ शकते, म्हणून नळीत काय होतं ते लेखी घ्या.

लेखी घ्यायचा कागद असा: दुखापतीचं नाव, उजवी की डावी बाजू, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काय दिसलं, इंजेक्शनची तारीख, किती मिली, कोणत्या प्रकारचं पीआरपी, भूल कोणती, सोबत दुसरं काही दिलं का, आणि पळायला परवानगी कोणत्या तारखेनंतर. नुसतं "पीआरपी दिलं" लिहिलेली चिठ्ठी एमआय रूमलाही पुरत नाही आणि पुढच्या डॉक्टरांनाही नाही. मूळ कागद घरी फाइलला ठेवा, सोबत झेरॉक्स न्या, आणि फोटो आईच्या नाहीतर भावाच्या फोनमध्ये ठेवा, कारण ट्रेनिंगमध्ये स्वतःचा फोन हाताशी असेलच असं नाही.